गुप्तांगावरची जखम: काय पाहावे, केव्हा दाखवावे

जननेंद्रियावर किंवा त्याच्या आसपास फोड अथवा जखम दिसली, तर दाखवण्याआधी तिच्यावर काहीही लावू नये. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारा माणूस ओळखीच्या मेडिकल स्टोअरमध्ये जायला संकोचतो आणि पार अलकापुरीला जाऊन ट्यूब आणतो. पण अशा अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असते, त्याने लाली उतरते, रोग मात्र तसाच राहतो आणि डॉक्टरांना जखमेचे खरे रूप दिसत नाही. साध्या पाण्याने धुऊन भाग कोरडा ठेवावा, एवढे पुरे.

मग उजेडात नीट पाहावे. पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका, आग आणि फुटल्यावर दुखणाऱ्या जखमा असतील, तर बहुधा हर्पीस असतो. (ही नागीण नव्हे, तिचा विषाणू वेगळा.) तो पुन्हा पुन्हा उद्भवू शकतो, पण गोळ्यांनी त्रास लवकर आटोक्यात येतो.

खरी फसगत न दुखणाऱ्या जखमेत आहे. उपदंश, म्हणजे सिफिलिस, ज्याला जुनी माणसे ‘गरमी’ आणि इथले गुजराती लोक ‘चांदी’ म्हणतात, त्याची जखम बहुधा एकच, कडक कडांची आणि वेदनाहीन असते. ती संबंधानंतर 10 ते 90 दिवसांत, सहसा तीन आठवड्यांनी उठते आणि 3 ते 6 आठवड्यांत उपचाराशिवायच भरून येते. माणूस सुटलो म्हणतो, पण जंतू रक्तात राहतात, पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येते आणि काही वर्षांनी मेंदू, डोळे किंवा हृदयही बाधू शकते. सुरुवातीलाच पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतले, तर हे सारे टळते.

प्रत्येक जखम संबंधातूनच येते असे नाही. एखादी ठरावीक गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी काळसर चट्टा उठतो, खरजेनेही गाठी येतात आणि मधुमेहात बुरशीमुळे चिरा पडतात. त्यामुळे निदानाआधी जोडीदारावर संशय घेणे अन्यायाचे आहे.

कोणतीही नवी जखम दोन-तीन दिवसांत दाखवावी. ताप, जांघेत गाठ, लघवी अडणे, डोळे दुखणे किंवा गर्भारपण असेल, तर त्याच दिवशी जावे. सयाजी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवता येते. गुप्तरोगांसाठीच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’ची माहिती 1097 या मोफत क्रमांकावर मिळते. सिफिलिसबरोबर एचआयव्हीचीही तपासणी करून घ्यावी. जखम अगदी ताजी असताना रक्ततपासणी निर्दोष येऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी. धोक्याचा संबंध गेल्या 72 तासांत घडला असेल, तर एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या घेण्यासाठी लगेच जावे, थांबून राहू नये.

जखम भरेपर्यंत आणि जोडीदाराचीही तपासणी होईपर्यंत संबंध टाळावेत, कारण निरोध जखमेचा सगळा भाग झाकतोच असे नाही. डॉक्टरांकडे जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि लावलेली ट्यूब सोबत न्यावी आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास ती विचारण्याआधीच सांगावी.