सोमवारच्या बोन स्कॅनमध्ये थायरॉइड का दिसायचा

नीट-पीजीच्या समुपदेशनात एमडी न्यूक्लिअर मेडिसिन भरताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पेट-सीटी असतं. तीन वर्षांचा खरा पाया मात्र हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सर्गी औषधं तयार करायच्या खोलीत, पक्का होतो, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या वर्षी एक कोडं पडलं. बोन स्कॅन म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून काढलेलं हाडांचं चित्र. सोमवारच्या बोन स्कॅनमध्ये हाडांबरोबर थायरॉइड आणि जठरही उजळून दिसायचं. म्हणजे किरणोत्सर्गी टेक्नेशियम-९९एम हे त्याला हाडांपर्यंत नेणाऱ्या एमडीपी या संयुगाला नीट जोडलं गेलं नव्हतं, न जोडलेलं टेक्नेशियम, म्हणजे सुटं परटेक्नेटेट, शरीरात फिरत होतं. कागदाच्या पट्टीवर त्या औषधाचा थेंब टाकून ती ॲसिटोनमध्ये उभी केली. एमडीपी जागेवर राहतं, सुटं परटेक्नेटेट द्रावणाबरोबर वर चढतं. पट्टीच्या वरच्या टोकाचं मोजमाप भलतंच जास्त आलं.

मग सोमवारच का? ज्यातून टेक्नेशियम मिळतं तो जनरेटर शनिवारपासून तसाच पडून असायचा. टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य ६ तास. त्यातून जवळपास स्थिर असं टेक्नेशियम-९९ उरतं आणि जनरेटरच्या आतल्या नळीत, कॉलममध्ये, साचत जातं. रसायन तेच असल्यामुळे एमडीपीच्या किटमधलं मोजकंच स्टॅनस (टेक्नेशियमला जोडण्याजोगं करणारं कथिलाचं रूप) तेही खाऊन टाकतं.

सरांशी बोलून रविवारच्या ड्युटीवरच्या रेसिडेंटने जनरेटर एकदा दोहून ठेवायचा, म्हणजे साचलेलं टेक्नेशियम द्रावणाबरोबर बाहेर काढायचं, असं ठरवलं. ते बाहेर आलेलं द्रावण, म्हणजे इल्युएट, किटसाठी वापरायचं नाही. शिवाय किटच्या कुपीत सिरिंजमधली हवा जाऊ द्यायची नाही, कारण ऑक्सिजनही स्टॅनस संपवतो. आणि पहिल्या रुग्णाला इंजेक्शन देण्याआधी पट्टी तपासायचीच. रुग्णाला पुन्हा किरणोत्सर्ग सोसायला लावण्यापेक्षा ही काही मिनिटं कधीही स्वस्त. पुढच्या सोमवारी स्कॅनमध्ये फक्त हाडं, मूत्रपिंडं आणि मूत्राशय दिसलं.