सुपर बोलचा हाफटाइम शो तीन पिढ्यांनी एकत्र कसा बघायचा

सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा दरवर्षीचा अंतिम सामना, आणि त्याच्या मध्यंतरात होणारा गाण्यांचा कार्यक्रम म्हणजे हाफटाइम शो. आजोबांना बँड हवा, पोरांना रॅप, आणि मधल्या आईबाबांना वाटतं आमच्या वेळचं काही राहिलंच नाही. म्हणून आदल्या दिवशीच यूट्यूबवर जुने शो एकत्र बसून बघा, पण क्रमाने. १९६७ ला पहिल्या वेळी मोठे पॉपस्टार नव्हतेच, कॉलेजचे मार्चिंग बँड होते, हे आजोबांनाच सांगू द्या. मग १९९३ चा मायकल जॅक्सन. तो स्टेजवर येतो आणि मिनिटभराहून जास्त नुसता उभा राहतो, हलत पण नाही, आणि अख्खं स्टेडियम किंचाळत असतं... इथे पोरं मोबाईल खाली ठेवतातच, मी बघितलंय. २००७ चा मायामीतला प्रिन्स, भर पावसात, तो तर अजिबात चुकवू नका. २०२२ चा डॉ. ड्रे, स्नूप डॉग, एमिनेम या रॅपर्सवाला आईबाबांसाठी.

आता उलट करा, यंदा जो कोणी गाणार असेल त्याची दोन गाणी पोरांनी मोठ्यांना अर्थासकट समजावून सांगायची, कारण शब्द कळले नाहीत की रॅप नुसता गोंगाट वाटतो. शो चालू असताना मात्र कोणीच बोलायचं नाही, जेमतेम १२-१५ मिनिटं तर असतात, भांडायचं ते तिसरा क्वार्टर, म्हणजे मध्यंतरानंतरचा खेळ, सुरू झाल्यावर.