आधी टपालपेटीवर नाव लावा

जर्मनीत नुकत्याच आलेल्या आपल्या माणसांचा फोन आला की मी आधी एकच विचारते : खालच्या टपालपेटीवर तुमचं आडनाव लागलंय का? त्यांना जाणून घ्यायचं असतं की पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, किती वर्षांत मिळते, आणि मी टपालपेटीवर अडून बसते. पण इथल्या कायदेशीर वास्तव्याची सुरुवात तिथूनच होते. बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन नाव बघतो आणि नाव सापडलं नाही की पत्र परत पाठवतो.

मी २०१६ मध्ये ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यावर, आले. पहिले दोन महिने माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं. पत्त्याची नोंद झाल्यावर बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयाकडून ११ आकडी कर-क्रमांक टपालानं येतो, तो माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही. क्रमांक नाही म्हणून पहिल्या पगारातून सहाव्या कर-वर्गानं, म्हणजे सगळ्यात जास्त दरानं, कर कापला गेला. पैसे पुढे परत मिळाले, पण अनोळखी देशात पहिल्याच महिन्यात निम्म्या पगारावर दिवस काढणं फार जड गेलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीनं लावलंत तरी चालेल, पण घराची किल्ली मिळेल त्याच दिवशी लावा.

पत्त्याची नोंद, म्हणजे आन्मेल्डुंग, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी पासपोर्ट लागतो आणि घरमालकाचं 'ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते' असं सहीचं पत्र. नुसता भाडेकरार पुरत नाही. हे पत्र देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. 'राहा, पण नोंद करू नका' असं कुणी म्हणालं तर ते घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. आणि पैसे घेऊन नुसता पत्ता 'वापरायला' देणारे भेटतात, त्यांच्या वाटेलाही जाऊ नका. हे बेकायदेशीर आहे आणि असा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. बँक खातं, आरोग्य विमा, कर-क्रमांक, पुढे निवास परवाना, सगळं या एका नोंदीवर उभं राहतं. पुढे घर बदललंत तर पुन्हा दोन आठवड्यांत नवी नोंद, आणि परवान्याच्या कार्डावरचा पत्ताही बदलून घ्यायचा.

नावाचं सांगते, कारण यात आपली मराठी माणसं हमखास अडकतात. पासपोर्टवर आपलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात येतं. इथे तो सगळा रकाना 'तुमची नावं' म्हणून धरला जातो, त्यामुळे बँकेच्या पत्रावर तुमच्या वडिलांचं नाव तुमचंच दुसरं नाव म्हणून छापून येईल. ते तसंच राहू द्या. मात्र प्रत्येक ठिकाणी पासपोर्टवर आहे तस्संच, अक्षर न अक्षर, लिहा. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं, दुसरीकडे घातलं, की पेन्शनच्या नोंदी दोन वेगळ्या माणसांच्या दिसू लागतात. पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर लग्नाच्या दाखल्याचं अधिकृत जर्मन भाषांतर पहिल्याच महिन्यात करून ठेवा. भाषांतर न्यायालयानं नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच हवं, आपण केलेलं चालत नाही.

आता परवाना. परदेशी नागरिकांचं कार्यालय, आउसलेंडरबेहर्डे, हे नाव तुम्हाला पाठ होईल. मोठ्या शहरांत टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला महिने लागतात आणि या वाट बघण्यानं माणूस खचतो. मीही खचले होते. म्हणून कायद्यातला एक आधार नीट समजून घ्या. आधीचा परवाना संपण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज केलात, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं मानलं जातं. निवास कायद्याच्या कलम ८१ मधली ही तरतूद आहे. तसा घडीचा कागद मिळतो, त्याला इथे फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. त्यावर कलम ८१ परिच्छेद ४ या ओळीवर खूण असेल, तर तुम्ही काम चालू ठेवू शकता आणि पासपोर्ट व जुन्या कार्डासह देशाबाहेर जाऊन परतही येऊ शकता. खूण परिच्छेद ३ वर असेल तर त्या कागदावर परतीचा प्रवास करता येत नाही. विमानाचं तिकीट काढण्याआधी ही खूण बघा. माझ्या ओळखीचं एक जोडपं भावाच्या लग्नाला गेलं आणि परतीसाठी नव्यानं व्हिसा काढावा लागला. त्यात नोकरीचे सात आठवडे गेले.

सगळं अवलंबून आहे ते 'संपण्यापूर्वी' या शब्दावर. टर्मिन मिळत नाही म्हणून अर्ज थांबवू नका. ऑनलाइन अर्जाची पोच, ईमेल, रजिस्टर्ड पत्राची पावती, जे असेल ते जपून ठेवा. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी कामाला लागा. पासपोर्टकडेही लक्ष असू द्या. पासपोर्टची मुदत संपते त्यापुढे परवाना सहसा देत नाहीत. वर्षभराचाच पासपोर्ट उरला असेल तर आधी दूतावासातून किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गच्या वाणिज्य दूतावासातून नवा काढा आणि मग परवान्याला जा.

सरकारी पत्र पिवळ्या लिफाफ्यात आलं तर तो लिफाफा फेकू नका. पोस्टमन त्यावर पत्र दिल्याची तारीख लिहितो आणि तुमची मुदत त्या दिवसापासून धावते, तुम्ही पत्र उघडता त्या दिवसापासून नाही. निर्णयावर हरकत घ्यायला सहसा एक महिनाच मिळतो. जर्मन येत नाही म्हणून पत्र बाजूला ठेवणं ही नवख्या माणसाची सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. कुणाला तरी त्याच दिवशी वाचायला द्या. कारिटास, डियाकोनी, आवो या संस्थांमध्ये स्थलांतरितांसाठी मोफत सल्ला मिळतो, तिथे पत्र घेऊन जायला अजिबात संकोच करू नका.

आरोग्य विम्याबद्दल एवढंच : येताना काढलेला प्रवास विमा परवान्यासाठी चालत नाही, नोकरी सुरू होताच सरकारी विमा संस्थेत नाव नोंदवा. भारतीय वाहन परवाना इथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

कायम वास्तव्याचा हिशोब पहिल्या पगारापासून सुरू होतो. ब्लू कार्डवाल्यांना २७ महिन्यांनी अर्ज करता येतो आणि बी१ पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांनीच. २७ महिन्यांच्या वाटेवरही ए१, म्हणजे अगदी सुरुवातीचं जर्मन, लागतंच. कुशल कामगाराच्या साध्या परवान्यावर तीन वर्षं, इथेच पदवी घेतली असेल तर पदवीनंतर नोकरीची दोन वर्षं, आणि या दोन्ही वाटांवर बी१. तेवढ्या महिन्यांचा पेन्शनचा भरणा झालेला असावा लागतो. त्याचा तपशील डॉइचे रेंटेनफरझिशेरुंग या सरकारी पेन्शन संस्थेकडून मागवता येतो. वर्षातून एकदा मागवून तपासा, मध्येच एखादा महिना गळलेला दिसला तर तेव्हाच दुरुस्त होतो.

मी आले तेव्हा ही मुदत ३३ महिन्यांची होती, बी१ असेल तर २१. ऑफिसात सगळे इंग्रजी बोलत म्हणून मी जर्मन पुढे ढकलत राहिले आणि एक अख्खं वर्ष जास्त थांबले. त्या वर्षात आमच्या कंपनीत कपात झाली आणि रोज ऑफिसला जाताना पोटात गोळा यायचा. पहिल्याच आठवड्यात जवळच्या फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे प्रौढांच्या शिक्षण केंद्रात, नाव घाला. संध्याकाळचे वर्ग असतात, शुल्कही परवडतं. 'लेबेन इन डॉइचलांड', म्हणजे 'जर्मनीतलं जीवन', या परीक्षेला मात्र घाबरू नका. ३३ प्रश्न असतात, कायम वास्तव्याला १५ बरोबर पुरतात, नागरिकत्वाला १७. सगळे प्रश्न आधीच जाहीर असतात.

नोकरी गेली तर लपवू नका. दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहर्डेला कळवणं बंधनकारक आहे आणि रोजगार कार्यालयात, म्हणजे आगेंटुर फ्युर आर्बाइटमध्ये, नोंदणी त्याहून लवकर, बातमी कळल्यापासून तीन दिवसांत. नवी नोकरी शोधायला कार्यालय सहसा वेळ देतं, पण न कळवलेल्या माणसाची बाजू तिथे दुबळी पडते. ब्लू कार्डवर पहिल्या १२ महिन्यांत स्वतःहून नोकरी बदलायची असेल तरी कळवावं लागतं. त्यानंतर ही अट राहत नाही.

जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना, आणि त्यात आपल्या मुली जास्त, मला मनापासून सांगायचं आहे. तुमच्या कार्डावर 'एरव्हेर्ब्सटेटिषकाइट एरलाउब्ट' लिहिलेलं असेल, म्हणजे तुम्हाला कोणतीही नोकरी किंवा व्यवसाय करता येतो, वेगळी परवानगी लागत नाही. नवऱ्याला पीआर मिळाली की तुम्हाला आपोआप मिळत नाही, तुमच्या अटी तुम्ही पूर्ण करायच्या. म्हणून जर्मन दोघांनी बरोबरच सुरू करा. स्वतःचा पासपोर्ट, कार्ड, लग्नाचा दाखला यांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर संसार मोडला, तरी तुम्हाला राहण्याचा स्वतंत्र हक्क मिळतो, आणि घरात मारहाण होत असेल तर तीन वर्षांची अटही सोडता येते. 'मी तुझा व्हिसा रद्द करीन' ही धमकी मी दोन मुलींच्या तोंडून ऐकली आहे. व्हिसा रद्द करणं नवऱ्याच्या हातात नसतं, तो निर्णय कार्यालय घेतं. ११६ ०१६ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि अनेक भाषांत चालतो. तो लिहून ठेवा.

पाच वर्षांनी नागरिकत्वाचा प्रश्न येतो. जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय जातोच आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड, काढावं लागतं. हा निर्णय ज्यानं त्यानं घरात बसून घ्यावा. मी अजून भारतीय पासपोर्टवरच आहे.

आणि म्हणूनच एक गोष्ट मला कायम लक्षात ठेवावी लागते. कायम वास्तव्याचा साधा परवाना सलग सहा महिने देशाबाहेर राहिल्यास संपतो.  आईवडील आजारी पडतात, आपण महिनाभरासाठी म्हणून निघतो आणि तिकडेच वर्ष सरतं. जायला लागणार असं दिसताच आउसलेंडरबेहर्डेला लेखी कळवा, कारण सांगा, डॉक्टरांचा कागद जोडा आणि जास्त मुदतीची परवानगी मागा. ती मिळू शकते, पण निघण्याआधी किंवा निदान मुदत संपायच्या आत मागावी लागते. वडिलांच्या आजारपणात मी तो अर्ज विमानतळावर जाताना टाकला होता. तोपर्यंत पेटीवर नाव ठेवलं होतं आणि किल्ली शेजारणीकडे दिली होती. उत्तर तीन आठवड्यांनी आलं, तिनं फोटो काढून पाठवला.