लक्षद्वीपला जोडीने निघताना
मुरगाव बंदरातून क्रूझने लक्षद्वीपला निघणाऱ्या दांपत्याने उंचावरून दिसणाऱ्या देखाव्याच्या मोहात न पडता जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरील केबिन मागावी, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. बेटांभोवतीचे पाणी प्रवाळांमुळे उथळ असल्याने मोठे जहाज दूरच थांबते आणि प्रवाशांना हलत्या लहान होडीत उतरावे लागते. म्हणून औषधे, ओळखपत्रे व प्रवेश परवान्याच्या प्रती दोघांनी आपापल्या जलरोधक पिशवीत घालून ती पाठीवर अडकवावी, म्हणजे आधारासाठी दोन्ही हात मोकळे राहतात. लोकवस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे, त्यामुळे भेट म्हणून काजूची फेणी नेण्याची गोव्याची हौस घरीच ठेवावी.