पंधरा वर्षांच्या स्वतःला पत्र लिहिताना

पंधराव्या वर्षाच्या स्वतःला तुम्ही आज काय सांगाल, असे मोठ्या माणसांना विचारले की बहुतेकांची उत्तरे ठरलेली असतात: अभ्यास मनापासून कर, लोक काय म्हणतील याची पर्वा करू नकोस, आत्मविश्वास ठेव. ही उत्तरे चुकीची नाहीत. पण ती तेव्हाही आपल्याला घरातून, शाळेतून आणि गॅदरिंगच्या प्रमुख पाहुण्यांकडून ऐकायला मिळत होती आणि त्यांचा फारसा उपयोग झाला नव्हता. तरीही असे पत्र लिहावे, असे माझे मत आहे, कारण ते घरातल्या किंवा शेजारच्या दहावी-अकरावीतल्या मुलाच्या हाती देता येते. फक्त त्या वयाच्या मुलाला त्याच महिन्यात, खिशातल्या पैशांत आणि घरातून मिळेल तेवढ्या परवानगीत जे करता येईल, तेवढेच त्यात लिहावे. ते कसे साधावे, हे मी माझ्याच पत्राच्या आधारे सांगते.

सर्वप्रथम तारीख आणि जागा नक्की करावी. तेरा वर्षांची मुलगी आणि अठरा वर्षांची मुलगी यांच्या अडचणी वेगळ्या असतात, म्हणून ‘किशोरवयातील मला’ असे मोघम लिहिले की सल्लाही मोघम होतो. माझे पत्र जुलै 1994 मधल्या मुलीला आहे. दहावीला तिला मराठी माध्यमातून 78 टक्के गुण मिळाले आहेत, सांगली जिल्ह्यातल्या गावातून ती सवलतीच्या पासावर एसटीने तालुक्याच्या कॉलेजात जाते आणि अकरावी विज्ञानाच्या वर्गात मागच्या बाकावर बसते. तिच्याजवळ काय होते, काय नव्हते आणि अडचण आली तर ती कोणाला विचारू शकत होती, हे अर्ध्या पानात लिहून काढावे. हे अर्धे पान पत्रात जात नाही, पण त्याच्याशिवाय पत्र खरे उतरत नाही.

त्यानंतर सुचतील ते सल्ले भराभर लिहावेत आणि मग ते चाळावेत. ज्या सल्ल्याला पुढचे भविष्य ठाऊक असावे लागते, तो आधी काढून टाकावा. पुण्याजवळ जमीन घेऊन ठेव, असे 1994 मधल्या मुलीला सांगण्यात अर्थ नाही. संगणक शीक, हेही तिच्या आवाक्याबाहेरचे होते. पण तालुक्याला टंकलेखनाचा क्लास होता आणि मैत्रिणी मराठी व इंग्रजी मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा देत होत्या. त्या क्लासला जा, हे मात्र तिला करता आले असते आणि तीच बोटे पुढे संगणकावर चालली असती. उरलेल्या सल्ल्यांत जिथे नुसता गुण सांगितला असेल, तिथे कृती घालावी. ‘धीट हो’ हे वाचून उठून नेमके काय करायचे, ते कोणालाच कळत नाही.

माझ्या पत्राचा मोठा भाग याच एका शब्दाच्या जागी काय लिहावे, यात गेला. अकरावीच्या पहिल्याच तासाला फळ्यावर जे आले ते सगळे इंग्रजीतून होते. त्वरण, संवेग, जडत्व हे मला उत्तम येत होते. ॲक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया म्हणजे तेच, हे कळायला मला दिवाळी उजाडली. तोपर्यंत मी एकही प्रश्न विचारला नाही, कारण प्रश्न इंग्रजीतूनच विचारावा लागतो, असे मी मनाशी धरून बसले होते. मी हुशार नाही, अशी माझी त्या चार महिन्यांत खात्री झाली आणि ती पुसायला पुढे कित्येक वर्षे गेली. खरे तर मला विज्ञान कमी येत नव्हते, दोनएकशे शब्द कमी येत होते.

म्हणून पत्रात मी असे लिहिले: “उद्या येताना शंभर पानी वही घे. प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ मार. डावीकडे तुझ्या दहावीच्या पुस्तकातला शब्द लिही आणि उजवीकडे सरांनी फळ्यावर लिहिलेला. संयुजा, व्हॅलन्सी. उत्प्रेरक, कॅटॅलिस्ट. गुणसूत्र, क्रोमोसोम. रोज पाचच शब्द लिही. एसटीत बसलीस की उजवी बाजू हाताने झाकून ती आठवायचा प्रयत्न कर. जो शब्द जुळणार नाही, तो घेऊन बुधवारी शेवटच्या तासानंतर शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभी राहा आणि मराठीतूनच विचार.” रोज पाच शब्द म्हटले तर दोनशे शब्दांना चाळीस दिवस लागतात, म्हणजे गणपतीच्या आधीच तिचे काम झाले असते. ज्याने त्याने आपापल्या पत्रात असा एक भाग शोधावा, जिथे अडचण दिसली एक आणि होती दुसरीच, आणि त्या भागाला भरपूर जागा द्यावी.

शब्द हाताने झाकून आठवायला का सांगितले, तेही पत्रात लिहावे, कारण या वयाच्या मुलांना कारण पटले नाही तर ती करत नाहीत, आणि त्यांचे ते बरोबरच आहे. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले. रात्री पाठ केलेले सकाळी येते आणि परीक्षेत येत नाही, या तक्रारीचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. झोपेबद्दलही असेच कारणासह लिहावे. तेरा ते अठरा वर्षे वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते आणि या वयात शरीराचे घड्याळच थोडे उशिराने चालते, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही. बारा वाजता झोपून चारच्या गजराला उठणारी मुलगी कष्टाळू दिसते, पण तिने वाचलेले टिकत नाही.

कागदपत्रांचा विषय रुक्ष वाटतो, तरी तो गाळू नये. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि जन्मतारीख पुढे आयुष्यभर पुरावा म्हणून मागितली जाते. माझ्या वडिलांच्या नावाचे स्पेलिंग प्रमाणपत्रावर एक आणि रेशनकार्डावर दुसरे होते. पारपत्र काढताना एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात मी आठ महिने हेलपाटे घातले. परीक्षेचा अर्ज भरताना स्पेलिंग स्वतः वाचून बघ आणि शाळा सुटण्याआधी दुरुस्ती करून घे, हा सल्ला पाच मिनिटांचा आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि ज्यांना लागू असेल त्यांच्यासाठी जातीचा दाखला व जात पडताळणी यांची तयारी अकरावीतच सुरू करायला सांगावे, कारण प्रवेशाच्या आठवड्यात सेतू केंद्राबाहेरची रांग आपल्यासाठी थांबत नाही. शाखा निवडण्याविषयी मी दोनच ओळी लिहिल्या: दहावीनंतर आयटीआयची वाट आहे, तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविकाही आहे आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, कोणी सांगितले नाही म्हणून या वाटा नसतात असे नाही.

पैशांचे गणित आकड्यांत मांडावे. बहात्तरला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतील ते कळते. दर 7.2 टक्के धरला, तर पंधराव्या वर्षी ठेवलेले 1,000 रुपये पंचविसाव्या वर्षी 2,000, पस्तिसाव्या वर्षी 4,000 आणि पंचेचाळिसाव्या वर्षी 8,000 होतात. त्यातला मोठा वाटा महागाई खाते, हेही प्रामाणिकपणे लिहावे. पोस्टात दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावावर बचत खाते उघडता येते आणि ते स्वतः चालवता येते, एवढे कळले तरी पुष्कळ मुले हालचाल करतात.

दुःखाबद्दल लिहिताना मात्र जपून लिहावे. ‘हेही दिवस जातील’ हे खरे असले तरी ज्याचे दिवस जात नसतात त्याला ते टोचते. त्याऐवजी माणसाचे नाव लिहावे. मी लिहिले, “मावशीला सांग. ती रागावणार नाही.” त्या वर्षी मी माझे दुःख कोणालाच सांगितले नव्हते, मावशीला कळले असते तर ती त्याच दिवशी एसटीने आली असती, हे मला आज पक्के माहीत आहे. आजच्या मुलासाठी इथे पत्रात भर घालावी लागते. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी 1996 मध्ये मुंबईत सुरू झाली, म्हणजे माझ्या पत्रातल्या मुलीला ती मिळालीच नसती. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून आहे. तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. हे दोन्ही क्रमांक पत्राच्या शेवटी न लिहिता मावशीच्या वाक्याला लागूनच लिहावेत, म्हणजे ते जाहिरातीसारखे वाटत नाहीत.

पत्र दोन पानांपेक्षा मोठे होऊ देऊ नये आणि ते हाताने लिहावे. देताना ‘हे तुझ्यासाठी आहे’ असे न म्हणता ‘हे मी माझ्यासाठी लिहिले आहे, तुला वाचायचे असेल तर वाच’ असे म्हणावे, कारण ते तसेच आहे. वाचलेस का, पटले का, असे नंतर विचारू नये. मी माझे पत्र गेल्या जूनमध्ये भाचीच्या टेबलावर ठेवले. तीही मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला गेली आहे. ती त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. नवरात्रात घरी गेले तेव्हा तिची वही उघडी पडलेली दिसली. तिने पानावर तीन रकाने आखले होते; तिसऱ्यात, इंग्रजी शब्द मॅडम नेमका कसा उच्चारतात ते तिने देवनागरीत लिहून ठेवले होते. मला त्या वयात ते सुचले नव्हते, आणि पत्र लिहितानाही सुचले नव्हते.