चायनीज बुफेत पैसा वसूल कसा करावा

एकदा ठरावीक रक्कम मोजून हवे तितके खायचे, अशा चायनीज बुफेत गेलेला माणूस बहुधा प्लेटा मोजू लागतो आणि तिथेच त्याचा हिशेब चुकतो. दोन प्लेटा खाल्ल्या काय किंवा सहा खाल्ल्या काय, दिलेले पैसे परत मिळत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८०च्या एका निबंधात बुडीत खर्चाच्या ज्या ओढीची चर्चा केली, तीच ओढ पोटाला तडस लागल्यावरही आपल्याला पुन्हा काउंटरकडे नेते.

म्हणून पहिली फेरी रिकाम्या हातांनी मारावी. पुष्कळ ठिकाणी फ्राइड राइस, नूडल्स आणि स्प्रिंग रोल रांगेच्या तोंडाशीच मांडलेले असतात, कारण ते स्वस्तात होतात आणि पोट लवकर भरतात; कोळंबी, मासे किंवा भाजलेले बदक मात्र पुढे कुठेतरी, लहान ट्रेमध्ये असते. यात लबाडी आहे असे मला वाटत नाही, कारण कमी खाणाऱ्यांच्या पैशांतून जास्त खाणाऱ्यांचा खर्च निघतो म्हणूनच हा धंदा चालतो.

फेरी मारताना ताजेपणाही पाहावा. तळलेल्या चिकनवरचे कॉर्नफ्लोअरचे आवरण झाकणाखालच्या वाफेने ओले होऊन सुटू लागले असेल, सॉसवर साय धरली असेल किंवा डम्पलिंगच्या कडा वाळून कडक झाल्या असतील, तर तो ट्रे बराच वेळ तिथे आहे हे ओळखावे आणि नवा येईपर्यंत थांबावे. गरम पदार्थ साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर राखले जावेत, अशी अन्नसुरक्षेची अपेक्षा असते. तेव्हा कोमट लागणारी कोळंबी, कितीही महाग असली तरी, बाजूला सारावी. जेवणाच्या वेळेच्या सुरुवातीला, पण थोडी गर्दी झाल्यावर गेल्यास ट्रे भराभर बदलले जातात.

वाढून घेताना चार-पाच पदार्थ प्रत्येकी दोन घास एवढेच घ्यावेत आणि जो आवडेल तोच पुन्हा आणावा. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटे लागतात, त्यामुळे दुसऱ्या प्लेटनंतर थोडे गप्पांत रमावे. सोया सॉस वरून ओतण्यापूर्वी हेही लक्षात घ्यावे की त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमांहून अधिक मीठ असते, तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी आहे.

शेंगदाणे, तीळ किंवा कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी केवळ पदार्थाच्या नावावर विसंबू नये, कारण एकच चिमटा अनेक ट्रेंमधून फिरतो. पेयांचे पैसे वेगळे आहेत का, बसण्याला वेळेची मर्यादा आहे का आणि ताटात टाकलेल्या अन्नाचा दंड लागतो का, हे मात्र बसण्याआधीच विचारावे. दुपारचा दर बहुधा कमी असतो, पण त्यात महागडे मासे नसण्याचीच शक्यता अधिक.