सोलापुरातून मुरमाच्या वाटेनं बालाघाटाच्या पायथ्याला

"सोलापुरात कुठला आलाय डोंगर?" असं मला बरेच जण विचारतात. तुळजापूरला जाताना शेवटी जो घाट लागतो, तो बालाघाट डोंगररांगेचा काठ. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तुळजापूर साडेसहाशेच्या, आणि मध्ये ४५ किलोमीटर. चढण बहुतेक सगळी शेवटच्या टप्प्यात. त्या घाटाच्या अलीकडे माळ, ओढे, टेकाडं आणि ज्वारीची रानं असा जो पट्टा पसरलाय, तिथं मी दर रविवारी ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची जाड टायरची सायकल, चालवतो. मी जकार्ड माग, म्हणजे नक्षीचं कापड विणणारे माग, दुरुस्त करतो. आठवड्याचे सहा दिवस कानात मागांचा खडखडाट असतो, त्यामुळं सातव्या दिवशी मला ट्रकचा हॉर्नही नको वाटतो.

या वाटा मला चालताना सापडल्या. कोजागरीला सोलापुरातून लाखो माणसं पायी तुळजापूरला निघतात. त्या दिवसांत हमरस्त्यावरची वाहनं दुसरीकडून वळवतात. अशाच एका पहाटे तामलवाडीच्या पुढं पायाला फोड आले म्हणून मी कडेला बसलो होतो. उजाडलं तशी खाली तांबूस मुरमाची एक गाडीवाट दिसली. थेट डोंगराकडं गेलेली, आणि तिच्यावर एक बैलगाडी सोडली तर काहीच नाही. पुढच्याच महिन्यात मी सायकल घेऊन तिथं गेलो. (कोजागरीचे ते दिवस मात्र चालणाऱ्यांचे. रस्ता मोकळा दिसला तरी त्या गर्दीत सायकल घालू नका.)

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं वाट निवडायची ती मातीवरून. सीना आणि भीमेच्या काठाला काळी माती खोल आहे. तिथून बालाघाटाकडं सरकाल तसा तिचा थर पातळ होत जातो आणि खालचा मुरूम वर येतो. मुरूम म्हणजे झिजलेला काळा पाषाणच. पाऊस पडला तरी पाणी खाली जातं आणि एखाद्या उन्हानं वाट पुन्हा टणक होते. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, चाकाला लपेटते. आणखी एक फायदा मला फार उशिरा कळला. ऊस येतो काळ्या मातीत, कालव्याच्या नाहीतर बागायती पाण्यावर. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गावच्या लहान रस्त्यांवरूनही दिवसरात्र धावतात. मुरमाड माळावर ऊस नसतो, म्हणून तिथं ट्रॅक्टरही क्वचितच येतो. जिथं मुरूम आहे तिथं टायरला पकड मिळते आणि रहदारीपासून सुटकाही होते.

त्यामुळं घरी बसून उपग्रहाचा नकाशा उघडला की मी आधी रंग बघतो. गडद काळसर चौकोन, कालव्याची सरळ रेघ, हिरवा ऊस दिसला की तो भाग सोडतो. फिकट तपकिरी, मध्ये खडक डोकावणारी, ओढ्यांनी चिरलेली जमीन दिसली की तिथल्या वाटा शोधतो. गावनकाशा मिळाला तर फारच उत्तम. त्यावर गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं आणि पायवाट तुटक एकेरी रेषेनं काढलेली असते. दुहेरी रेषा धरा. नकाशावरची वाट एखाद्यानं नांगरून रानात घेतलेली असू शकते, तेव्हा दुसरा पर्याय हाताशी ठेवा.

गावात विचारायचीही एक रीत आहे. "रस्ता आहे का?" असं विचारलंत तर माणसं आपुलकीनं डांबरी सडकच दाखवतात. "मामा, ह्या वाटेनं बैलगाडी पलीकडच्या गावाला निघते का?" असं विचारा. 'निघते' हा शब्द महत्त्वाचा. कित्येक वाटा एखाद्या वस्तीवर नाहीतर विहिरीवर जाऊन संपतात. माझी नेहमीची फेरी मार्डीवरून काटी-सावरगावच्या शिवारात जाते आणि डोंगराच्या कडेकडेनं तामलवाडीकडं उतरते. मार्डीला यमाईचं दर्शन घेऊन पुढं निघायचं. नान्नजच्या बाजूला माळढोक अभयारण्य आहे. तिथल्या गवताळ वाटांवर सायकल नेऊ नका. माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, आणि आता तो पक्षी दिसणंही दुर्मीळ झालंय.

सायकल महागडीच हवी असं नाही. टायर मात्र ४० मिलिमीटरच्या खाली नको, आणि पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दाते मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राइतकेच किंवा त्याहून कमी असावेत, म्हणजे घाटाखालच्या चढांना बसून पॅडल मारता येतं. माझं वजन ६८ किलो. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, टायरमध्ये मी पुढं ३० आणि मागं ३३ पीएसआय हवा ठेवतो. ट्यूब असेल तर ४० च्या आसपास भरा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब चिमटते. सुट्या मुरमाच्या चढावर उभं राहू नका, वजन मागच्या चाकावरून सुटतं आणि चाक जागीच फिरतं. उतरताना ढुंगण मागं सरकवा, वेग वळणाआधीच कमी करा आणि वळणात पुढचा ब्रेक सोडून द्या.

ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. मार्चपासून नऊ वाजताच माळ तापतो आणि सावलीला बाभळीशिवाय काही नसतं. पहाटे साडेपाचला निघा, तीन लिटर पाणी घ्या. खाण्याला कडक भाकरी आणि शेंगा चटणी. पाकिटातल्या एनर्जी बारपेक्षा मला हेच पचतं. भाकरी मोडून मागच्या खिशात ठेवता येते, उन्हानं खराब होत नाही, आणि घामानं गेलेलं मीठ चटणीतून परत मिळतं. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास रानात हुरडा असतो. कुणी हाक मारून बोलावलं तर थांबा.

कुत्र्यांची भीती अनेकांना असते. मेंढरांच्या कळपाबरोबरची कुत्री त्यांचं काम करत असतात. कळप दिसला की लांबूनच उतरा, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, धनगराला मोठ्यानं रामराम घाला. माणसाचा आवाज ओळखला की कुत्री शांत होतात. बैलगाडी समोरून आली तर पूर्ण थांबा. चकाकणारं चाक बघून बैल बुजतात, आणि बुजलेल्या बैलाची किंमत गाडीवान मोजतो.

चिखलाबद्दल मी जिवावर उदार होऊन शिकलो नाही, पण पैसे मोजून शिकलो. एका ऑक्टोबरात, रात्री पाऊस होऊन गेलेला असताना, अंतर वाचवायला मी काळ्या रानातली वाट धरली. दोनशे मीटरांत दोन्ही चाकं फ्रेममध्ये घट्ट अडकली. तरी मी जोर लावून पॅडल मारलं आणि गिअर धरून ठेवणारा मागचा हँगर तुटला. तीन किलोमीटर सायकल खांद्यावर घेतली. खुरपणी करणाऱ्या एका मावशींनी हातातलं खुरपं दिलं, माती खरवडायला शिकवलं आणि म्हणाल्या, "काळीत दोन दिस पाय टाकू नगं." तेव्हापासून पाऊस झाला की काळ्या मातीला मी दोन दिवस देतो. चाक जड झालं की त्याच क्षणी उतरायचं, पॅडल मारायचं नाही. जादा हँगर आणि लाकडाची एक चपटी पट्टी आता कायम पिशवीत असते.

राहिले सराटे. पावसाळा संपला की वाटेच्या कडेला ते वाळून पडतात, आणि वेड्या बाभळीचे काटे त्याहून लांब असतात. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, आपल्या उन्हात लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी टायर उघडून बघा. वाटेत काटा दिसला आणि हवा जात नसेल तर उपटू नका. घरी या, सायकल उलटी करा, चाक हळूहळू फिरवत एकेक काटा चिमट्यानं काढा, आणि तो निघाला की भोक खाली येईल असं चाक फिरवून थोडा वेळ तसंच धरा. सीलंट तिथं जमून बसतं. चिखल असेल तर त्याच दिवशी पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, माती बेअरिंगमध्ये शिरते. रात्रभर वाळू द्या आणि सकाळी कामाला जाण्याआधी जुन्या ब्रशनं झाडून टाका.